रखमाची एकच पंगत

रखमाच्या लेकीला, मालनला, पहिला मुलगा झाला, त्याच साली मुंबईच्या म्युनिसिपालटीवर संयुक्त महाराष्ट्र समितीचं राज्य आलं. सत्तावन साल. नातवाचं बारसं आणि समितीचा मेयर, दोन्ही एकाच दिवशी. डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत कुणाला जास्त आनंद कशाचा झाला, हे सांगणं कठीण होतं. खाली रस्त्यावर सकाळपासून ताशा वाजत होता आणि रखमा वड्यांचं पीठ मळत होती.

रखमाची खानावळ म्हणजे एक खोली. वीस-बावीस गिरणी कामगार तिच्याकडे जेवत. सगळे कोकणातले, बायका-पोरं गावी ठेवून आलेले. प्रत्येकाची जेवायची पितळी वेगळी, तिच्यावर नाव कोरलेलं. आणि पंगती दोन. पहिली लाल बावटेवाल्यांची, दुसरी समाजवाद्यांची. पन्नास सालचा मोठा संप फसला. तो कुणामुळे फसला, यावर याच खोलीत भर जेवणात भांडण झालं, आमटी सांडली, आणि तेव्हापासून ही रीत पडली.

ते भांडण ज्या दोघांत झालं ते रखमाच्या घरचेच. गुणाजी तिचा धाकटा दीर, दौलत चुलत दीर. दोघांना मिसरूड फुटायच्या आधीच तिच्या नवऱ्याने बोटीतून मुंबईला आणलं होतं. नवरा गेला, तिने दोघांना सांभाळलं. गुणाजी लाल बावट्याचा, दौलत समाजवादी. संपानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आणि गंमत अशी, की दोघं राहायचे एकाच खोलीत. रखमाच्या शेजारची गावकीची खोली, बारा जणांची. तिथे दारामागची एक वळकटीची जागा या दोघांत मिळून होती. गुणाजी रातपाळीला, तो दिवसा तिथे झोपायचा. दौलत दिवसपाळीला, तो रात्री. एकाने उठायचं, दुसऱ्याने त्याच ऊबेवर पडायचं. सात वर्षं एका जागेवर झोपले, पण शब्द नाही. निरोप असला तर मधे रखमा.

त्या दिवशी रखमाने ठरवलं होतं. समितीत सगळे पक्ष एक झाले, म्युनिसिपालटीत एका बाकावर बसले, मग माझ्याच घरात दोन पंगती का? नातवाच्या बारशाला ही दोन पोरं शेजारी बसून जेवली पाहिजेत. एवढंच तिला हवं होतं. तिने संध्याकाळी दारातच सांगून टाकलं, "आज एकच पंगत. ज्याला बसायचं नाही त्याने इराण्याकडे जाऊन पाव खावा."

वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ सोडून इराण्याकडे कोण जातो? सगळे बसले. दौलत भिंतीकडे बसला. गुणाजी मात्र आपली पितळी हातात घेऊन दारात उभाच राहिला. रातपाळीला जायला त्याला अजून अवकाश होता.

"भरपूर जागा आहे रे," रखमा म्हणाली.

"उभाच बरा आहे, वहिनी."

सगळ्यांना चढली होती, ती निव्वळ विजयाची. वरच्या मजल्यावरचा श्यामकांत कारकून पेपर घेऊन आला होता. तो मेंबरांची नावं वाचे आणि प्रत्येक नावावर पंगतीत शेरा पडे.

"हा तर शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा. याचं भाषण म्हणजे भोंगा. दोन गल्ल्या पलीकडचं पोर जागं होतं."

"आणि हा शेकापवाला? धोतराला इस्त्री करतो म्हणे!"

"करू दे की. मोरारजीच्या माणसांसमोर बसायचं म्हणजे इस्त्री पाहिजेच!"

"पण टिकतील का रे हे?" श्यामकांतने चष्मा पुसत विचारलं. "व्यासपीठावर एकमेकांना हार घालतात आणि खाली उतरले की हात धुतात."

रघू फिटर ताडकन म्हणाला, "दिवाळीपर्यंत टिकले तर मी मिशी काढीन!"

"काढ की आत्ताच. तुझ्या मिशीत तशीही निम्मी उसळ राहते," रखमा म्हणाली आणि पंगत खदखदली.

"हसा, हसा," रघू म्हणाला. "पण आपल्या वॉर्डातला पाटणकर मास्तर किती मतांनी आला?"

"एकशे बारा," श्यामकांत म्हणाला.

पाटणकर मास्तर समितीचा, पण पक्षाने समाजवादी. म्हणजे दौलतचा माणूस. दौलतने वडा मोडता मोडता म्हटलं, "एकशे बारा म्हणजे काही नाही. लाल बावटेवाल्यांनी मनापासून मतं टाकली असती तर मास्तर हजाराने आला असता. वहिनी, विचारा तुमच्या दिराला. त्याने तरी मास्तरला मत दिलं का?"

ताशा बाहेर वाजतच होता. पंगतीतल्या माना दाराकडे वळल्या.

"सांग त्याला वहिनी," गुणाजी दारातून म्हणाला, "नाही दिलं."

"ऐकलंत?" दौलतने हातातला वडा पितळीत टाकला. "आणि म्हणे समिती! वर एकी, आत हे. मी नाही बसत या पंगतीला." तो उठलाच.

रखमाने वड्यांचं ताट खाली ठेवलं. तिला एक गोष्ट ठाऊक होती. सहा महिने ती तिने पोटात ठेवली होती, कारण ती बोलली तर दोन पंगतींच्या दोन खानावळी होतील अशी तिला भीती होती. आता नाहीतरी सगळं मोडतच होतं.

"दौलत, बस खाली," ती म्हणाली.

"वहिनी, नको," गुणाजी पुढे सरकला.

"तू गप. दौलत, गेल्या पावसाळ्यानंतर मतदारांची यादी करणारा माणूस आला होता. तुला ताप होता, तू कामावर गेला नव्हतास. दिवसाची जागा गुणाजीची, म्हणून तू दारात गुडघे पोटाशी घेऊन बसला होतास. त्या माणसाने अकरा नावं लिहून घेतली आणि विचारलं, आणखी कोण राहतं? तू काय सांगितलंस?"

दौलतने पितळीत टाकलेल्या वड्याकडे पाहिलं.

"मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. तू म्हणालास, दुसरं कोण नाही. आणि तुझ्या पाठीमागे हा चादर घेऊन पडला होता. याचं नावच नाही यादीत. मत देणार कुठून?"

रघूने मिशीवरून हात फिरवला. श्यामकांत पेपरची घडी घालत राहिला.

"मग याने अर्ज का नाही केला?" कोणीतरी विचारलं.

गुणाजी आता पहिल्यांदा सगळ्यांना म्हणून बोलला. "अर्ज केला तर चौकशी येणार. नाव कसं गळलं? समाजवाद्याने लाल बावटेवाल्याचं गाळलं. झालं. निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसवाल्यांना दवंडी पिटायला आयतंच मिळालं असतं. एका मताने काय होतं? मी चार चाळींतली म्हातारी माणसं आणली. दोन म्हाताऱ्या तर पाठीवर आणल्या. एकीने वाटेत माझ्या कानाशी लागून तंबाखू मागितली."

"तो मास्तरसाठी उन्हात उभा होता, मी पाहिलाय," रघू म्हणाला. "मला वाटलं, याचं डोकं फिरलं."

दौलत उभाच होता. मग सात वर्षांत पहिल्यांदा तो थेट गुणाजीकडे वळला.

"तू जागा होतास?"

"तुझ्या खोकल्यात कोण झोपणार?"

"मग तेव्हाच उठून एक ठेवून का नाही दिलीस?"

"उठलो असतो तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं."

रघूला ठसका लागला. मग एक हसला, मग सगळे. दौलतचं तोंड आधी रडवेलं झालं आणि मग तोही हसायला लागला, डोळे पुसत. तो पुन्हा खाली बसला. भिंतीकडे सरकून त्याने शेजारी एका माणसाची जागा केली.

"बस," तो म्हणाला. "ताप होता रे मला. आणि जागा तुझी. राग आला."

"कळतं." गुणाजीने त्याच्या पितळीला आपली पितळी टेकवून ठेवली आणि मांडी घातली. "वहिनी, वडे वाढ. मला कामावर जायचंय."

रखमाने वाढले. एका पंगतीत, एका हाताने, कुणाचा बावटा कोणता हे न बघता. खाली ताशेवाले चाळीसमोर थांबले होते, आणि कोणीतरी समितीचा जयजयकार केला. खानावळीतून बावीस घासभरल्या तोंडांनी उत्तर दिलं. पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं. "मेल्यांनो, मेयर झाला म्हणून माझ्या नातवाला बहिरा कराल!" असं रखमा ओरडली खरी, पण तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दुसऱ्या दिवशी दौलतने अर्धी रजा टाकली आणि तो श्यामकांतला घेऊन यादीच्या कचेरीत गेला. अर्जात 'खोलीत राहणारी माणसे' या रकान्यात त्याने बारा नावं लिहवून घेतली. पहिलं गुणाजीचं. पाळ्या मात्र दोघांनी बदलल्या नाहीत. जागा एकच होती ना.

रघूने दिवाळीला मिशी काढली. मेयर टिकला होता.

गुणाजीने बासष्ट सालच्या निवडणुकीत मत दिलं, आणि त्याच साली गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो वारला. रखमा एकाहत्तरच्या माघात गेली. दौलत एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात, गावी.