चादरीखालची आजी

“मावशी, तुमचा हात येतोय फोटोत.” निकेतनं कॅमेऱ्यावरून मान वर केली. “पासपोर्टला हात चालत न्हाय.”

गोदूनं हात काढला आणि स्टुलावरच्या प्राप्तीनं असा भोकाड पसरला, की समोरच्या वडापावच्या गाडीवरची गिऱ्हाईकं वळून बघू लागली. हा पाचवा प्रयत्न. पोरगी दोन वर्षांची. आजीचा हात अंगावर असला की तिच्यासारखं गुणी लेकरू शोधून सापडायचं नाही. हात सुटला की संपलंच.

अलिबागच्या चकचकीत स्टुडिओत लहान मुलाच्या फोटोचे दुप्पट पैसे सांगितले, वर पोर रडलं तरी ते परत नाहीत. गोदू तडक रिक्षा पकडून रेवदंड्याला निकेतकडे आली. फोटो चांगला येईपर्यंत तो कितीदाही काढायचा. आणि माणूस ओळखीचा. प्राप्ती चाळीस दिवसांची असताना तिची आई, म्हणजे गोदूची लेक कल्पिता, गेली. तिचा हार घालायचा फोटो त्यानंच मोठा करून दिला होता.

फोन वाजला. जावई.

“आई, झाला का फोटो? पासपोर्ट ऑफिसात उद्या सकाळी आठची वेळ मिळालीय. ही हुकली तर माझी सुट्टी संपते. मग पुढच्या वर्षीच.”

“व्हतोय, हर्षदराव. पोर रडतेय जरा.”

हर्षद मस्कतला कामाला. गेल्या वर्षी त्यानं पूनमशी लग्न केलं, आता लेकीला घेऊन जाणार. पूनम आली की पोरीसाठी आठवणीनं खाऊ आणायची आणि गोदूच्याही पाया पडायची. ती वाईट असती तर बरं झालं असतं, निदान बोटं तरी मोडता आली असती. सगळं रीतसर होतं, म्हणूनच गोदूचा जीव जास्त तुटत होता.

निकेतनं आतून एक पांढरी चादर आणली.

“आता असं करू. तुम्ही बसा स्टुलावर, डोक्यावरनं चादर घ्या आणि तिला मांडीवर घ्या. मागचं सगळं पांढरंच दिसंल.”

“जित्या मानसाच्या डोक्यावरनं पांढरी चादर घालतोस व्हय रं?”

निकेतनं जीभ चावली. पण दुसरा उपाय नव्हता. गोदूनं पोरीच्या गालावरची काजळाची तीट पदरानं पुसली, आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी तळपायाला लावली. मग चादर ओढून घेतली.

मांडीवर बसलेली प्राप्ती गप्प झाली. चादरीआडूनही कमरेवरचे हात तिनं ओळखले. घरी आजी रोज पदरात तोंड लपवायची आणि एकदम ‘भॉक’ करून बाहेर यायची. हा तोच खेळ, फक्त पदर मोठा.

आत गोदूला सगळा उजेडच उजेड दिसत होता. तिच्या मनात आलं, एक चिमटा. एकच. पोर रडेल, आज फोटो होणार नाही, उद्याची वेळ हुकेल. एक वर्ष! वर्षात ती पुरं बोलायला लागेल. आजीची ओळख पक्की होईल, विसरणार नाही इतकी. गोदूचं नख पोरीच्या मऊ मांडीला टेकलंसुद्धा.

तेवढ्यात एक चिमुकला हात मागे आला आणि चादरीवर थापट्या मारू लागला.

“आजी, भॉक?”

गोदूचा हात ढिला पडला. तिनं ओठ घट्ट मिटले, श्वास धरला आणि ती हलली नाही. प्राप्तीनं हात खाली घेतला. आता आजी बाहेर येईल म्हणून ती टक लावून समोर बघत राहिली.

“झाला! कसला भारी आलाय!” निकेत ओरडला.

कॉम्प्युटरवर प्राप्ती होती. तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसतायत, डोळे समोर. डोक्यामागं चादरीला एक चुणी पडली होती.

“ही तुमच्या कपाळाची. पुसून टाकतो, मग आठ फोटो काढतो.”

“एका फोटोत ऱ्हाऊ दे.”

“तो सरकारात चालायचा न्हाय, मावशी.”

“सरकारला सात दे. एक मना पायजे.”

निकेतनं वर बघितलं नाही. सात फोटो त्यानं पाकिटात घातले आणि आठवा तिच्या हातावर ठेवला.

दीड महिन्यानं पोरीला घेऊन विमान गेलं. त्या संध्याकाळी दिवा लावताना गोदूनं कल्पिताच्या फोटोच्या चौकटीत, कोपऱ्यात, तो आठवा फोटो खोचला. लेक, नात, आणि नातीच्या मागं एक चुणी.

मग काय वाटलं कोण जाणे, तिनं पदर तोंडावर ओढला आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ झाला. पदर बाजूला करायचा तिला धीर होईना.