हातचा राखलेला प्रश्न

ऊर्जा खात्यात तिला सगळे चिठ्ठीताई म्हणत, आणि वरवर कितीही नाक मुरडलं तरी या नावाचा तिला मनातून अभिमान होता. सभागृहात प्रश्नोत्तरं चालू असली की मंत्र्यांच्या पाठीमागच्या अधिकाऱ्यांच्या कठड्यात ती बसायची. कुणी आडवा प्रश्न टाकला की मंत्र्यांचा हात हळूच मागे यायचा, आणि ती त्यात उत्तराची चिठ्ठी ठेवायची. तिची चिठ्ठी कधी चुकली नव्हती. मग बाळंतपण आलं.

रजेवरून परतली तर कठड्यातल्या खुर्चीवर दुसरीच. हिच्या जागी बदलीवर आली म्हणून कचेरीने तिचं नाव बदली ठेवलं होतं. वयाने लहान, हसरी, आणि रात्री सलग झोपणारी. ते तिच्या डोळ्यांखाली पाहिलं की कळायचं. साहेब म्हणाले, आता जरा दमानं घ्या, घरी तान्हं बाळ आहे. दमानं घेणं म्हणजे काय, ते चिठ्ठीताईला न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. अधिवेशन संपलं की एकीची खुर्ची कायम होणार आणि दुसरीची रवानगी मागच्या इमारतीत, वीजबिलांच्या तक्रारी वाचायला.

तेव्हापासून तिचे डोळे बदलीवरून हटेनात. शिपाईमामा चहा आधी कुणाच्या टेबलावर ठेवतात, साहेब कुणाच्या विनोदाला हसतात, सगळं टिपायचं. दुपारी जुन्या फायलींच्या खोलीत कडी लावून ती बाळासाठी दूध काढायची, तेव्हाही कान बाहेर. बाहेर हशा झाला की तिला वाटायचं, आपल्यावरच. त्यात सासूबाईंचा फोन: पोरगी बाटली तोंडात धरत नाही, तू कधी येतेस?

एक दिवस बदली स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसली. उद्या गॅसच्या दरांचा प्रश्न होता. त्यावर उपप्रश्न काय काय येतील, हे ती अगदी विद्यार्थिनीसारखं विचारू लागली. चिठ्ठीताईने सांगितलं. जहाजं का अडकली, साठा किती उरला, गॅसवाहिनीचं काम कुणामुळे रखडलं. फक्त एक हातचा राखला.

बंद पडलेल्या वीजकेंद्राच्या गावचे एक म्हातारे सदस्य होते. प्रश्न कुठलाही असो, ते शेवटी उभे राहत आणि आमचं केंद्र कधी चालू होणार, एवढंच विचारत. त्यावर ठरलेली चिठ्ठी असे: बाब विचाराधीन आहे. नव्या माणसाची मात्र भंबेरी उडणार, हे नक्की.

दुसऱ्या दिवशी सभागृहाचं कामकाज बघायला कचेरीतल्या पडद्यासमोर सगळे जमले. गॅसचं निभावलं. मग म्हातारे उठले. मंत्र्यांचा हात मागे आला आणि तसाच राहिला. चिठ्ठीताईला आतून गुदगुल्या झाल्या, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. पण गुदगुल्या काही थांबल्या नाहीत.

चिठ्ठी गेली. मंत्र्यांनी ती वाचली, चष्मा सावरला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "याच महिन्यात खात्याचं पथक पाहणीला येईल. आपणही सोबत चला." दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. म्हाताऱ्यांना बसायचंही सुचेना.

"गेली बदलीची नोकरी," लेखनिक म्हणाला. "मंत्र्यांच्या तोंडी वचन घालते म्हणजे काय."

पण संध्याकाळी साहेब मंत्र्यांकडून आले ते फुलूनच. मंत्री खूश होते. पथक बदलीनेच न्यायचं, पुढचा अहवालही तिचाच. "म्हणजे खुर्ची तुमची तुम्हाला," ते चिठ्ठीताईला म्हणाले. "झालं ना मनासारखं?"

ती हो म्हणाली. कुणाचं तरी उष्टं ताट पुढे सरकवल्यासारखं वाटलं.

दुधाच्या बाटल्या पिशवीत भरत असताना बदली आली. "ताई, आजोबांचा प्रश्न येणार, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

चिठ्ठीताई पिशवीची चेन ओढत राहिली.

"बरं झालं नाही सांगितलंत. नाहीतर मी तुमचंच उत्तर लिहिलं असतं. काही सुचेना, म्हणून मंत्र्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते लिहिलं."

आवाजात टोमणा नव्हता. तेच जास्त झोंबलं. चिठ्ठीताईला एकदम त्या गावची बंद धुराडी दिसली, दारात वाट पाहणारी माणसं दिसली, आणि त्या सगळ्यांच्या पुढे चालणारी ही. तिने जमेल तितक्या सहज विचारलं, "पथकात अजून कोण कोण? बाळामुळे मला विचारलं नसेल साहेबांनी."

"मला विचारलं होतं, ताईंना न्यायचं का," बदली म्हणाली. "मी म्हटलं, त्यांना खुर्चीच हवी आहे."

आणि यात खोटं काहीच नव्हतं.