नैऋत्येच्या कोपऱ्यातील फरसबंदी

प्रिय वाचकहो, पुढील मजकुरात मी एका घराच्या अंगणात मोटार उभी करण्यासाठी फरसबंदी करावयाची ठरली असता आमच्या वाट्यास कोणते भय आले, ते जसे घडले तसे निवेदन करणार आहे. त्यात माझी स्वतःची चूक आहे व ती मी झाकणार नाही.

मी मूळचा खानापूर तालुक्यातील. सोने गाळण्याच्या धंद्यानिमित्त वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्रिशूरला आलो आणि तेव्हापासून ओल्लूर येथे लोनप्पन चेट्टन यांच्या घरामागील खोलीत भाड्याने राहतो. चेट्टन, म्हणजे दादा, पूर्वी खाजगी बस चालवीत, आता निवृत्त आहेत. त्यांच्या पत्नी रोसिली चेच्ची, म्हणजे ताई, यांच्या हातचे तांदळाचे अप्पम खाता खाता माझे केस पांढरे झाले. सोने गाळणारा म्हणून इकडे मला सारे ‘सेठ’ म्हणतात.

त्या घराच्या नैऋत्य कोपऱ्यात एक विहीर होती. चेच्चींचे दोन गर्भ लागोपाठ गेले, तेव्हा वास्तू पाहणाऱ्या सुताराने सांगितले, ‘‘ही विहीर घरातलं गिळतेय. तळापासून भरून टाका, नवी ईशान्येला खणा.’’ इकडे हिंदू असो वा ख्रिस्ती, घराच्या बाबतीत सुताराचा शब्द कोणी मोडत नाही. परंतु त्या काळी आमच्या गल्लीत मातीची लॉरी शिरत नसे. चेच्ची माहेरी चालकुडीला गेल्या असताना चेट्टनांनी कठडा फोडला, विहिरीच्या तोंडावर नारळाची खोडे आडवी टाकली, त्यांवर पत्रे आणि पत्र्यांवर हातभर माती. ती माती पाट्यांनी मीच वाहिली.

‘‘तिला सांगायचं, तळापासून भरली,’’ चेट्टन म्हणाले. मी मान डोलावली. पुढील वर्षी जिंटो जन्मास आला. विहीर भरली म्हणून मुलगा झाला, ही चेच्चींची श्रद्धा होती.

यास अठ्ठावीस वर्षे झाली. गल्ली रुंद झाली. जिंटो मस्कतला नोकरीस लागला आणि यंदा तीन महिन्यांच्या कन्येचा बाप्तिस्मा करण्यास येणार असे ठरले. त्याने येथे एक अवजड मोटार घेऊन ठेविली. फाटक पश्चिमेस असल्यामुळे मोटारीची जागा नेमकी तोच कोपरा. फरसबंदीचा विषय निघाला त्या दिवसापासून माझा एकच हिशेब चाले. नारळाचे खोड मातीत किती वर्षे टिकते? मी अंगण ओलांडताना भिंतीस चिकटून चालू लागलो.

प्रथम सुधन मेस्त्री आले. अनवाणी फिरत त्यांनी जागोजागी लोखंडी सळई खुपसली. कोपऱ्यात सळई हातभर जाऊन खणकन वाजली. त्यांनी ती बाहेर काढून टोकाचा वास घेतला.

‘‘इथं काय होतं?’’

‘‘फणस,’’ चेट्टन म्हणाले.

‘‘फणसाच्या मुळाला पत्रा असतो होय, चेट्टा?’’

पायरीवरून चेच्ची हसल्या. ‘‘अहो, विहीर होती म्हणून सांगा की! तळापासून भरलीय, मेस्त्री. काही घाबरू नका.’’

सुधन मेस्त्रींनी चेट्टनांकडे पाहिले. चेट्टन नारळाच्या शेंड्याकडे पाहत होते.

‘‘भरलेली असली तरी मी उघडून बघणार,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘मग खडी दाबायची आणि वर ऐंशी मिलिमीटरचे ठोकळे. पंधरा-वीस दिवस जातील. न उघडता मी रोलर आणणार नाही. माझी माणसं बायकापोरांची आहेत.’’

दुसऱ्या दिवशी शिबी नावाचा ठेकेदार नमुने घेऊन आला. लाल ठोकळा, पिवळा ठोकळा, मध्ये हिरवळ लावलेला करडा दगड. चेच्ची दगडावरून हात फिरवीत राहिल्या.

‘‘दोन दिवसांत अंगण आरशासारखं करून देतो, चेच्ची.’’

‘‘खोदणार नाही?’’ मी विचारले.

‘‘सेठ, तुम्ही सोनं वितळवा, माती मला सोडा. वरवर खरवडायचं, चुरा टाकून रोलर फिरवायचा, साठ मिलिमीटरचे ठोकळे बसवायचे. झालं.’’

‘‘आणि भारी गाडी आली तर?’’

‘‘हत्ती आणा! पूरमच्या जत्रेतले पंधराच्या पंधरा उभे करा हवं तर!’’

चेट्टनांनी शिबीस काम दिले. मी त्यांना फाटकापाशी गाठले.

‘‘चेट्टा, चेच्चींना सांगून टाका.’’

‘‘काय सांगू? अठ्ठावीस वर्षं खोटं बोललो म्हणून? विहीर पोकळ आहे हे कळलं तर ती नातीला या घरात पाऊल टाकू देईल का?’’

‘‘आणि गाडी खाली गेली, पोरीसकट?’’

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. ‘‘इतकी वर्षं नाही खचली...’’ असे म्हणून ते घरात निघून गेले. आणि मीही, वाचकहो, पुन्हा गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रोलर आला. मुर्शिदाबादचा माणिकुल त्यावर बसला होता. त्याने पूर्वेकडून आरंभ केला. प्रत्येक फेरीस पायरीवर पालथी घातलेली भांडी थरथरत. रोलर कोपऱ्याकडे सरकू लागला, तेव्हा मला मातीत एक बारीक भेग दिसली. ती सरळ नव्हती, विळ्यासारखी वाकडी होती, आणि तिच्यात मातीचे कण घसरून नाहीसे होत होते. कठड्याची गोलाई मला ओळखता आली. मी धावत जाऊन रोलरपुढे उभा राहिलो.

‘‘सेठ, ऊन लागलं का?’’ शिबी ओरडला.

‘‘बाजूला हो!’’ चेट्टन ओरडले.

‘‘दादा, सरका, ब्रेक धड नाही याचा,’’ माणिकुल कळवळून म्हणाला.

‘‘नाही सरकत. खाली विहीर आहे. चेच्ची, ती भरलेली नाही! वरची माती मीच वाहिलीय.’’

यंत्र बंद झाले. माणिकुल मागच्या बाजूने अलगद उतरला आणि आमच्याकडे तोंड ठेवूनच उलट पावली फाटकापर्यंत गेला. चेच्ची ओल्या हातांनी खाली आल्या. भिंतीशी टेकलेली पहार त्यांनी उचलली व लांबूनच त्या भेगेत सोडली. पहार उभीच्या उभी नाहीशी झाली. क्षणभराने खालून पाण्याचा आवाज आला आणि मागोमाग कुजका, गार वारा.

नवऱ्याला ओलांडून त्या माझ्याकडे वळल्या.

‘‘सेठ, तुम्हीसुद्धा? माझा जिंटो याच कोपऱ्यात रांगला. तुम्ही खिडकीतून बघत होता.’’

गुळाचा खडा दाखवून मी त्याला अनेकदा तेथून उचलून नेत असे.

सुधन मेस्त्रींना बोलाविले. खोडे उघडली तेव्हा त्यांची केवळ साल उरली होती, आत भुसा. आठ दिवस लॉऱ्या येत होत्या. माती, पाणी, ठोकणी, पुन्हा माती. जिंटो आला, बाप्तिस्मा झाला, मोटार गल्लीतच राहिली. चेच्ची नातीला घेऊन मागील दाराने ये-जा करीत.

‘‘अम्मा, आता भरली ना विहीर?’’ जिंटो म्हणाला.

‘‘तेव्हाही भरलीच होती. मला सांगितलं होतं तसं.’’

शेवटी मेस्त्री खडीने भरलेली लॉरी घेऊन आले. ‘‘पक्कं झालंय, चेच्ची. माझ्या शब्दावर ठोकळे लावू?’’

‘‘शब्द पुष्कळ ऐकले. ही लॉरी हे चालवतील. सेठ शेजारी बसतील. त्या कोपऱ्यावरून तीन फेऱ्या, आणि चौथ्यांदा तिथंच उभी करायची.’’

‘‘अगं रोसिली, मी निवृत्त झालोय,’’ चेट्टन हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाले.

‘‘गाडीतून झालात. थापांतून नाही.’’

आम्ही चढलो. चेट्टनांनी छातीवर क्रूस केला, मी खरसुंडीच्या सिद्धनाथाचे नाव घेतले. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्यांदा त्यांनी लॉरी कोपऱ्यावर उभी करून यंत्र बंद केले. त्या शांततेत मागे खडी खसखसत बसत होती आणि प्रत्येक आवाज मला खालून आल्यासारखा वाटे. माझे पाय आपोआप वर उचलले गेले, जणू तेवढाच भार कमी होईल.

‘‘सेठ, काही हलतंय का रे?’’

‘‘तुमचा गुडघा, चेट्टा.’’

पायरीवर चेच्ची जपमाळ घेऊन उभ्या होत्या. त्यांची दृष्टी आमच्यावर नव्हती, चाकांवर होती. संपूर्ण माळ ओढून होईपर्यंत त्यांनी आम्हांस उतरू दिले नाही. मग म्हणाल्या, ‘‘उतरा. मेस्त्री, करडे ठोकळे लावा.’’

या गोष्टीस महिना झाला. मोटार आता त्या जागी उभी राहते व जमीन तसूभरही हललेली नाही. चेच्ची मला पुन्हा अप्पम देतात. मात्र पूर्वीसारखे समोर बसवून वाढीत नाहीत. ताटली खोलीच्या उंबऱ्यावर ठेवतात आणि काही न बोलता परत जातात.

आपण माझे हे ओबडधोबड लिखाण शेवटपर्यंत वाचले, याबद्दल मी आपला आभारी आहे.

पोपट ज्ञानू हसबे, ओल्लूर