बाईंच्या पियानोचा मोफत रविवार

मी एक जुना पियानो आहे. खरे तर 'होतो' म्हणायला हवे, पण सवय जात नाही. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे मागाहून मला दोष द्यायला नको.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. तिथे भुसा आणि सरस यांचा वास भरून राहिलेला असे. माझ्या तारा ताणणारा कारागीर तोंडातल्या तोंडात शिव्या देत असे. या जगात माझ्या कानावर पडलेले पहिले बोल तेच.

तिथून मी बाईंच्या घरी आलो. बाई मुलांना संगीत शिकवत. शाळा सुटली की बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग पडे आणि माझे काम सुरू होई. बाई फार कडक होत्या. पट्टी चुकली की बोटावर पेन्सिल बसे. मला मात्र त्या तळहातावरच्या फोडासारखे जपत. ओले फडके त्यांनी कधी माझ्या अंगाला लागू दिले नाही. एखाद्या पाहुण्याने माझ्यावर चहाचा कप ठेवलाच, तर तो उचलून गुपचूप त्याच्या हातात देत.

माझे इतके लाड बाईंच्या मुलाच्या वाट्याला आले नाहीत. एकदा त्याने रागाने खिळा घेऊन माझ्या अंगावर लांब ओरखडा काढला. बाईंनी त्याला दिवसभर जेवू दिले नाही. मला तेव्हा बरे वाटले होते.

वर्षे गेली. बाईंची बोटे आखडली, मुले यायची बंद झाली. बाईंचे यजमान वारले, घर विकले, आणि मुलाने त्यांना आपल्या घरी न्यायचे ठरवले. तिथे माझ्यासाठी जागा नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, कलासंग्रहालयवाले मागतायत. मोठ्या दालनात ठेवतील, नीट सांभाळतील." बाईंनी मला शेवटचे पुसले आणि मी छाती फुगवून टेम्पोत चढलो.

खरे काय होते ते फक्त मुलाला ठाऊक होते. त्या संग्रहालयात वर्षातून एका रविवारी कुटुंबांसाठी मोफत संगीताचे खेळ असत. या वेळी त्यात 'मोडा आणि घडवा' नावाचे एक टेबल होते. जुनी वाद्ये मुलांनी सुटी करायची आणि तुकड्यांतून नवे काहीतरी बनवायचे. कार्यक्रम बघणाऱ्या ताईंनी त्याला हे फोनवर स्पष्ट सांगितले होते. तो म्हणाला होता, चालेल, घेऊन जा.

रविवार उजाडला. एका दालनात मुले रिकामे डबे बडवत होती. दुसऱ्या दालनात चित्रासमोर उभे राहून त्या चित्राचा आवाज काढायचा खेळ होता. वादळाच्या चित्रापुढे चांगले मिशीवाले बाप गाल फुगवून फू फू करत होते. मी मधल्या चौकात होतो. माझे झाकण काढलेले, पोट उघडे, आणि पुढे पेचकस घेतलेल्या मुलांची रांग.

मुलाने बाईंना घरीच ठेवायचा प्रयत्न केला म्हणे. गर्दी असते, पाय दुखतील, असे तो सांगत राहिला. पण नात हट्टाला पेटली. ती घरभर वळवळायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. बाईंनाही यायचेच होते. आपल्याला वाजवायला सांगतील, असे त्यांच्या मनाने घेतले होते. कितीतरी दिवस त्या जेवणाच्या टेबलावर बोटे फिरवून सराव करत होत्या. मुलगा रोज ते बघत होता आणि गप्प राहिला होता.

बाई चौकात आल्या तेव्हा माझ्या निम्म्या पट्ट्या निघालेल्या होत्या. त्या रांगेतून वाट काढत आल्या आणि स्टुलावर बसल्या. ताईंना वाटले, आजींना हौस आली. त्या कौतुकाने म्हणाल्या, "वाजवा ना आजी, मुलांना मजा येईल."

बाईंनी वाजवले. मी जीव तोडून साथ दिली, पण एकाआड एक सूर नसे. जिथे पट्टी नव्हती तिथेही बाईंचे बोट खाली जाई आणि लाकडावर आपटे. मुले खदखदून हसली. आयांनी मोबाइल वर धरले. बाईंनी एकही जागा न गाळता शेवटपर्यंत वाजवले. टाळ्या पडल्या. लोकांना तोही एक खेळच वाटला.

मग बाई आपल्या मुलाकडे वळल्या. "सांभाळतील म्हणाला होतास."

"आई, इथे तमाशा नको," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि तसंही, वाजवतंय कोण आता?"

तेवढ्यात मुंगी धावत आली. आल्याआल्याच पुढे पळून ती टेबलापाशी खपत होती. माझ्या सात पट्ट्या तिने एका फळीवर ओळीने चिकटवल्या होत्या. पियानो आजीनेच आनंदाने दिला, असे बापाने तिला सांगितले होते.

"आजी, हा तुझा," ती म्हणाली. "घरात जागा नाही ना, म्हणून छोटा केला. तुझ्या उशीशेजारी मावेल."

बाईंनी फळी हातात घेतली. एक पट्टी दाबून पाहिली. ती हललीसुद्धा नाही.

"हा वाजत नाही," बाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "तुझ्या हातात कुणी काही देऊ नये. बापावर गेलीस."

मुंगी रडली नाही. तिने आजीच्या हातातून फळी घेतली, टेबलावर ठेवली आणि हाताला लागलेला गोंद फ्रॉकला पुसत राहिली. मुलाने सगळे ऐकले होते. पाणी आणतो म्हणाला आणि निघून गेला.

माझा बाकीचा सांगाडा भंगारात गेला. ती फळी ताईंना आवडली, म्हणून त्यांनी ती मुलांच्या कलाकृतींच्या भिंतीवर लावली. तिथूनच मी बोलतो आहे. पुढच्या वर्षीच्या रविवारी मुंगी बापाबरोबर आली. बाई नव्हत्या. ताईंनी ओळखून तिच्यापुढे छोटा ढोल धरला. मुंगीने दोन्ही हात खिशात घातले आणि मान हलवली.

मित्रांनो, वस्तू जपा, असे सांगण्याची माझ्यासारख्यांची रीत आहे. मी ते सांगणार नाही. मला पुष्कळ जपले होते, त्याने काय झाले? माझे मागणे वेगळे आहे. तुम्हालाही कुणीतरी कधी दुखवेल. मोठे झालात तरी दुखवेल. तेव्हा वड्याचे तेल वांग्यावर काढू नका. ज्याने दुखवले त्याच्याशीच भांडा. तेवढे बळ नसेल तर गप्प बसा, पण जवळ कुणी लहान उभे असेल तर आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा.