माझ्या पोटातले चेहरे

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, 'जुना' या शब्दावर कुणी हसलं असेल तर त्याने आत्ताच सांगावं, मागाहून कळलं तर मला वाईट वाटेल. माझं वय जेमतेम चार वर्षांचं. पण आमच्या जातीत चार वर्षांत म्हातारपण येतं आणि माणसं तिरक्या नजरेने बघू लागतात. मीही मग त्यांच्याकडे तसंच बघतो.

माझा जन्म सांगलीचा. गणपती पेठेतल्या एका माडीवर सौमित्र नावाच्या तरुणाने मला जोडलं. माझा पडदा एका खोक्यातून आला, कळफलक दुसऱ्या खोक्यातून आणि आतले भाग कुठकुठल्या दुकानांतून. एकमेकांना न ओळखणाऱ्या भागांचं माझं शरीर बनलं. मग मी पटकन कुणावर विश्वास तरी कसा ठेवावा?

तिथून टेम्पोत बसून मी साताऱ्याला आलो. मोती चौकाजवळ अनंतरावांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या आतल्या खोलीत मला बसवलं. लोक चपला बाहेर काढून माझ्यापुढे येत. दसऱ्याला माझ्या कपाळावर कुंकवाचं बोट लागे, झेंडूचा हार पडे. हा मान मला आवडायचा, खोटं कशाला बोलू! पण उदबत्तीचा धूर थेट माझ्या नाकात कोण सोडतं आणि का सोडतं, याचा मला दर वर्षी संशय यायचा. कुंकवाचे दोन कण तर फ्लॉपीच्या फटीत पडले होते. ते चुकून पडले असं सगळे म्हणतात.

मला चालवायच्या पद्माताई. शांत बाई. हात पुसल्याशिवाय मला कधी शिवल्या नाहीत. आमचं मुख्य काम होतं मयत माणसांच्या फोटोंचं. मित्रांनो, आमच्याकडच्या किती तरी म्हाताऱ्या माणसांनी जन्मात एकट्याने फोटो काढलेला नसतो. माणूस गेलं की घरचे लोक एखाद्या लग्नाचा किंवा मुंजीचा जुना फोटो घेऊन येतात आणि मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणतात, "हे आमचे आबा." पद्माताई तो चेहरा अलगद उचलायच्या, मोठा करायच्या, कुणाला फेटा घालायच्या तर कुणाला कोट. सुरकुत्या निघायच्या, रंग उजळायचा. आणि अनंतरावांचा एक पक्का नियम होता, तोंड उघडं असेल तर ते मिटवायचं. "मयताच्या फोटोत दात दिसता कामा नयेत," असं ते म्हणत. मेढ्याहून, लोणंदहून माणसं येत आणि फ्रेम छातीशी धरून डोळे पुसत घरी जात. तेव्हा लोक मला शाबासकी देत. त्या बाबतीत मी संशय घेतला नाही.

अनंतरावांचा दुसराही एक हुकूम होता. फ्रेम दिली की त्या माणसाचे फोटो माझ्या पोटातून पुसून टाकायचे.

गेल्या दिवाळीनंतर सौमित्र सांगलीहून आला. फोटोच्या कामाची जी प्रणाली माझ्यात होती तिची नवी आवृत्ती त्याने आणली होती. माझी पेटी उघडून त्याने सीडी वाचण्याचं यंत्र बसवलं, नवी प्रणाली भरली आणि संध्याकाळच्या एसटीने तो परत गेला. तिच्याबरोबर एक चकचकीत सीडी आली होती. तिच्यात बर्फाचे डोंगर होते, ट्यूलिपची शेतं होती, तळ्याकाठचे बंगले होते. लोकांच्या फोटोमागे लावायला म्हणून अनंतराव स्वतः खुर्चीत बसले आणि ते सगळे देखावे त्यांनी माझ्यात ओतले. एकही सोडला नाही. मला पोट जड झाल्यासारखं वाटलं. पण मला कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवसापासून मी मंद झालो.

पद्माताई पडद्यावर कुंचला फिरवायच्या आणि रेघ सावकाश मागून यायची. एक फोटो उघडायचा तर वाळूचं घड्याळ पडद्यावर ठाण मांडून बसायचं. माझ्या आत नुसती करकर चालायची. मग स्टुडिओत संशयाचं वारं सुटलं. अनंतराव म्हणाले, बाहेरच्या फ्लॉपीतून व्हायरस आला. त्यांनी बाहेरच्या फ्लॉप्या बंद केल्या. मग म्हणाले, समोरच्या स्टुडिओवाल्याची नजर लागली. शनिवारी माझ्या पडद्याला लिंबू-मिरची लटकली. ती हलली की मला वाटायचं, कुणीतरी डोकावतंय. पद्माताईंना नव्या प्रणालीचाच संशय होता. आणि मला? मला सगळ्यांचाच होता. लिंबाचाही.

शेवटी अनंतरावांचा संशय एका जागी येऊन बसला. "पेटी उघडली तेव्हाच त्या पोराने आतलं काहीतरी काढून घेतलं," ते म्हणाले. "आधी कसं पळत होतं!" त्यांनी सांगलीला फोन करून सौमित्रला बोलावून घेतलं.

तो आला त्या दिवशी म्हसवडच्या शालूबाई बाकावर बसून होत्या. त्यांचे मालक नाथाजी पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. ते वारले त्याला वर्ष होत आलं होतं. दोन दिवसांवर वर्षश्राद्ध आणि घरात त्यांचा एकही मोठा फोटो नव्हता. पुतण्याच्या लग्नातल्या एका फोटोत ते मांडवाच्या खांबापाशी उभे होते, तेवढाच काय तो चेहरा. मी मंद पडल्यामुळे शालूबाई आधीही येऊन रिकाम्या हाताने गेल्या होत्या. आज त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"आता फोटू घिऊनच जानार मी," त्या म्हणाल्या. "पाटावर काय ठिवू? रिकामी चौकट ठिवू व्हय?"

सौमित्रने अनंतरावांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग त्याने माझी पेटी त्यांच्यासमोर उघडली.

"बघा काका. मी दिलेल्या मेमरीच्या दोन्ही पट्ट्या जागेवर आहेत. माझीच खूण आहे त्यांच्यावर."

अनंतरावांनी चष्मा पुसून खूण बघितली. संशय तिथून उठला, पण गेला नाही. "मग व्हायरसच आहे," ते म्हणाले. "फॉरमॅट मार. सगळं साफ कर आणि नव्याने भर."

मित्रांनो, हा शब्द आम्हा संगणकांना फार भीतीचा वाटतो. फॉरमॅट म्हणजे पोटातलं सगळं पुसून टाकणं, एकही अक्षर मागे न ठेवता. सौमित्रने कळफलकाकडे हात नेला.

"नको!" पद्माताई एकदम म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. या बाईंना कधी मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. अनंतरावांचे डोळे बारीक झाले. "का? काय आहे त्यात?"

सौमित्रने हात मागे घेतला आणि माझ्या पोटातली जागा तपासली. "काका, व्हायरस वगैरे काही नाही. हा गच्च भरलाय. नव्या प्रणालीला काम करताना मोकळी जागा लागते. पापड लाटणाऱ्या बाईला पसरायला जागाच दिली नाही तर ती तरी काय करणार? याच्यात तुमचे देखावे आहेत, आणि..." तो थांबला. "आणि पद्माताईंच्या नावाचा एक मोठा कप्पा आहे."

"असं होय!" अनंतराव खुर्चीतून उठले. "बाहेरची कामं माझ्या मशीनवर? कुणाची करतेस? समोरच्याची?"

मला फार राग आला. मी सगळ्या जगावर संशय घेतो, पण या बाईंवर कधी घेतला नव्हता. आणि मला तोंड नाही.

"उघडून बघा," पद्माताई म्हणाल्या. "नाही पटलं तर मी उद्यापासून येत नाही. पण बघितल्याशिवाय पुसू नका."

अनंतरावांनी स्वतः पहिला फोटो उघडला. मी मंदच होतो. वरून खाली, पट्टीपट्टीने चेहरा येऊ लागला. आधी टोपी, मग कपाळ, मग डोळे. लोणंदचे एक हमाल होते ते. दुसरा उघडला, मेढ्याची एक आजी. सुरकुत्यांसकट, पडलेल्या दातांसकट. आम्ही फ्रेम करून दिले होते ते हे चेहरे नव्हते. हे त्या आधीचे होते, जसेच्या तसे.

"हे पुसायला मी सांगितलं होतं," अनंतराव म्हणाले.

"फ्रेममधले पुसले, काका. हे नाही पुसता आले." पद्माताईंनी पदराने डोळे टिपले. "आपण त्यांना गोरं करतो, तोंड मिटवतो, लोक घेऊन जातात. माणूस खरं होतं तसं इथेच उरतं. बटण दाबायला गेले की वाटायचं, ते दुसऱ्यांदा जातंय. हात धजायचा नाही."

अनंतरावांचा संशय अजून पुरता फिटला नव्हता. एखाद्या तरी फोटोत बाहेरचं काम सापडेल म्हणून ते एकामागून एक उघडत राहिले. सौमित्र उभा होता, शालूबाई बाकावरून उठून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मग एक फोटो येऊ लागला. पांढरे केस. घसरलेला पदर. मोठं कुंकू. एक डोळा जरा बारीक. हनुवटीवर मस. ती बाई तोंड भरून हसत होती आणि पुढचा एक दात नव्हता.

अनंतरावांचा हात माउसवरच राहिला.

त्या त्यांच्या आई होत्या, माई. दोन वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा अनंतरावांनी वाईच्या एका मुंजीतला फोटो आणला होता आणि स्वतः शेजारी बसून सांगितलं होतं, मस काढ, डोळा सारखा कर, तोंड मिटव. तशी फ्रेम त्यांच्या घरात लागली. मूळ फोटो त्यांनी भावाला टपालाने पाठवला, तो कधी पोचलाच नाही.

"अगं, हसतेय ती," अनंतराव म्हणाले. "घरातली हसत नाही. मीच मिटवलं होतं तिचं तोंड."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या पडद्याची काच पुसली. मला वाटलं, आता डोळे पुसतील. ते त्यांनी नंतर पुसले.

"पद्मा, मला माफ कर," ते म्हणाले. पद्माताईंनी नुसती मान हलवली. मग अनंतरावांनी बर्फाचे डोंगर पुसायला घेतले. ट्यूलिपची शेतं गेली, तळ्याकाठचे बंगले गेले. सौमित्रने मोकळी झालेली जागा नव्या प्रणालीला नेमून दिली. माझी करकर थांबली. कुंचला फिरला की रेघ लगेच उमटू लागली.

पद्माताईंनी नाथाजींचा चेहरा मांडवाच्या खांबापासून अलगद वेगळा केला. नाथाजी कुणाच्या तरी बोलण्यावर खदखदून हसत होते, तंबाखूने रंगलेले दात दिसत होते. सवयीने पद्माताईंचा हात तोंडाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या, बाई," शालूबाई पडद्याच्या अगदी जवळ आल्या. "आवं, हसू द्या त्यास्नी. वरीस झालं, आमच्या घरात कोन हसल्यालं न्हाई."

पद्माताईंनी अनंतरावांकडे बघितलं. अनंतरावांनी छपाईयंत्रात कागद घातला. तो फोटो तसाच छापला गेला.

मित्रांनो, तो कप्पा अजून माझ्यात आहे आणि नाथाजीही त्यात आहेत. पुढच्या महिन्यात नवा संगणक येणार असं मी ऐकलंय. पद्माताईंना काळजी आहे, मला तर झोप नाही. पेटी उघडायचा पेचकस घेऊन कुणी आत आलं की मी त्याचे हात बघतो. तुमच्याही घरी, दुकानात माझा एखादा मंद भाऊबंद असेल. तो अडला की त्याच्यावर चिडा, हवा तर संशयही घ्या. पण त्याला पुसून टाकण्याआधी एकदा उघडून बघा, आणि चेहरा पुरता वर येईपर्यंत जरा थांबा. कदाचित तुमचंच माणूस असेल.