पोट आत घेऊ नकोस

आमच्या दुकानात कोट बायको बेतते, बायको शिवते. मी बटणं लावतो आणि इस्त्री करतो. हे सांगताना मला लाज नाही, अभिमानच वाटतो. तिच्यासारखी कात्री चालवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

माप देताना गिऱ्हाईक हमखास पोट आत घेतं. मग ही टेप सैल सोडून थांबते. "श्वास सोडा. आज मला फसवाल, उद्या कोटात मावणार नाही."

चाळिशीत तिची बोटं सुजू लागली. सकाळी तासभर मूठ वळेना. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, सांधे आतून खाणारा.

"वेळेवर आलात," ते म्हणाले. "आता एकही सांधा सुजलेला राहू द्यायचा नाही. थोडं बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. दर महिन्याला तपासू, कमी पडलं तर औषध वाढवू. सुरुवातीचे दिवस वाया घालवले आणि बोटं वाकली, तर ती पुन्हा सरळ होत नाहीत."

तिने एकच विचारलं, "मोठी कात्री हातात राहील ना?"

"त्यासाठीच तर चाललंय सगळं."

आणि ही बया काय करायची? तपासणीच्या सकाळी दुखण्याची गोळी खाऊन जायची. डॉक्टर बोटं दाबून विचारायचे, "दुखतं?" ही म्हणायची, "छे!" दहापैकी किती? "एक." घरी मात्र चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. रडगाणं गाणं तिच्या रक्तातच नाही. तीन महिने औषध होतं तेवढंच राहिलं. मग एक दिवस कात्री तिच्या हातून फरशीवर पडली. ती वाकलीसुद्धा नाही. कात्री मी उचलली आणि माझं डोकंच फिरलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं?" तिने तोंड उघडलं मात्र, मी ओरडलो, "पोट आत घेऊ नकोस!"

डॉक्टर चक्रावले. ती लालबुंद झाली, मग तिने हळूच दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"सात," ती म्हणाली. "सकाळी आठ. गोळी खाऊन आलेय."

त्याच दिवशी औषध वाढलं, पुढे दुसरं जोडलं. औषधांनी मळमळायचं, त्यापायी तिने मला वर्षभर सळो की पळो केलं. पण चौदाव्या महिन्यात डॉक्टरांना एकही सुजलेला सांधा सापडला नाही.

याला अकरा वर्षं झाली. गोळ्या आणि तपासण्या अजून चालू आहेत. परवा डॉक्टरच कोट शिवून घ्यायला आले, निवृत्तीच्या समारंभासाठी. टेप कमरेला लागली आणि स्वारीने पोट आत घेतलं!

"श्वास सोडा, डॉक्टर."

त्यांनी हसत सोडला. मग म्हणाले, "कापडही आत्ताच कापा. बघायचंय मला."

तिने जाड कापड पसरलं, मोठी कात्री उचलली आणि एका दमात या टोकापासून त्या टोकाला गेली. डॉक्टरांचं लक्ष कापडाकडे नव्हतंच. ते तिची बोटं बघत होते. सरळ बोटं. इस्त्री करता करता मीही बघत राहिलो.

"अहो, बाही जळतेय!" ती ओरडली.

"जळू दे," मी म्हणालो. "दुसरी कापायला हात आहेत की तुझे."