अर्धा फेरा जास्त

ड्रायव्हरबाई पान्याच्या दांड्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिली आणि जीव खाऊन तिने उडी मारली. नट जागचा हलला नाही.

"आणखी एकदा," तिच्या दंडाला धरून उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या.

"एकदा कसलं, केव्हाची नाचतेच आहे मी इथे. हा काय आवळलेला नट आहे? वेल्डिंग केल्यासारखा बसवलाय मेल्याने."

फिरत्या दवाखान्याची ती जीप कोरड्या ओढ्याच्या दगडगोट्यांत एका अंगावर कलली होती. मागचं चाक पंक्चर. स्टेपनी काढून ठेवलेली, जॅक हाताशी, पण नट सुटतील तर शपथ. गाडीत लसींची पेटी होती आणि पेटीतला बर्फ विरघळत होता. पुढच्या वस्तीत आया पोरं कडेवर घेऊन ताटकळत बसल्या असणार. सिस्टर मधूनच पेटीला हात लावून बघत. ते बघणंच ड्रायव्हरबाईला जास्त लागत होतं.

शेवटी एक ट्रॅक्टरवाला आला. त्याने पान्यात लांब नळी घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. काड्कन आवाज झाला. नट सुटला नव्हता, बोल्टच तुटला होता.

"कुणी आवळलाय हो हा?" तुटका तुकडा तळहातावर घेऊन तो म्हणाला. "कुणी वैरी आहे का तुमचा?"

बाकीचे नट कसेबसे निघाले, चाक बदललं, पण तोवर बर्फाचं पाणी झालं होतं. लस टाकून द्यावी लागली. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरबाईच्या डोक्यात ट्रॅक्टरवाल्याचा तो शब्द घोळत राहिला. वैरी.

कोण, याचा तिला फार विचार करावा लागला नाही. वर्कशॉपमध्ये एक उंच, काटकुळा फिटर होता. हवेच्या मशिनने थडथड नट बसवायचा, म्हणून सगळे त्याला बंदूक म्हणत. ती नोकरीला लागली त्या दिवशी तो चारचौघांत म्हणाला होता, "गाडी काय, कुणीही चालवेल बाई. रानात चाक बदलायची पाळी आली की कळेल." सगळे हसले होते. तिचे वडील हीच जीप चालवून निवृत्त झाले होते. तिने रीतसर परीक्षा देऊन ही जागा मिळवली होती, तरी 'बापाच्या सीटवर बसली' हे टोमणे चुकले नव्हते.

तिने तुटका बोल्ट फोरमनच्या टेबलावर ठेवला. बंदूकला बोलावणं गेलं.

"मशिन मी नट बसवण्यापुरतं लावतो, साहेब," तो म्हणाला. "शेवटचं आवळणं हातानेच. हिच्या वडिलांनीच शिकवलंय मला. विचारा त्यांना."

"माझ्या वडिलांना मध्ये आणू नका," ड्रायव्हरबाई म्हणाली.

लस वाया गेल्याचा जाब वरून विचारला गेला होता, कुणाच्या तरी माथी ते मारायला हवंच होतं. बंदूकला पाने खाली ठेवून गाड्या धुवायच्या कामावर जावं लागलं.

संध्याकाळी तिने सगळं वडिलांच्या कानावर घातलं. बापलेक दोघंच घरात. 

"त्यानेच केलं असेल?" बाबांनी विचारलं.

"मग दुसरं कोण करणार?"

 चहाचा कप बाबांच्या हातून निसटता निसटता राहिला.

नवा बोल्ट बसला, दुसऱ्या फिटरने तिच्या डोळ्यांदेखत चाकं लावली. तरी दुसऱ्या दिवशी वाटेत तिने सहज म्हणून पाना लावून पाहिला, तर नट पुन्हा तसेच, दगडासारखे. आता मात्र तिची झोप उडाली. नवा फिटर बंदूकचा दोस्त असेल? की फोरमनच आतून मिळालेला असेल? सिस्टरही हल्ली सारखं विचारतात, निघायला उशीर का झाला म्हणून. त्यांना कुणी विचारायला सांगतं का? जो भेटेल त्याच्याकडे ती तिरप्या नजरेने बघू लागली. तिच्याशी बोलताना माणसं शब्द जपून वापरू लागली, आणि त्याचाही तिला संशय येऊ लागला.

मग तिला एक युक्ती सुचली. वर्कशॉपमधून निघताना तिने प्रत्येक नटावरून रिमपर्यंत पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटणार. लांबच्या वस्त्यांना लवकर निघावं लागे, म्हणून जीप तिच्याच अंगणात मुक्कामाला असायची. सकाळी ती खाली बसून बघते तर सगळ्या रेघा तुटलेल्या. कुणी तरी प्रत्येक नट अर्धा फेरा जास्त आवळला होता. माणूस अंगणात येऊन गेला होता, आणि शेजारचं कुत्रं साधं गुरगुरलंही नव्हतं.

"बाबा, दाराला आतून कडी लावत जा," ती म्हणाली. "कुणी तरी आपल्या अंगणात शिरतंय."

बाबांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेताला ती हातात काठी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी दबा धरून बसली. जीपच्या मागे हालचाल झाली. कुणी तरी वाकून पाना लावत होतं. काठी सावरून ती दाराकडे वळणार, इतक्यात तो माणूस आधारासाठी गाडीला धरून पान्यावर चढला, आणि ती जागीच थांबली.

पायात घरातल्या चपला. अंगात तिनेच आणलेला स्वेटर.

ती अंगणात गेली. बाबा दचकले नाहीत. पान्यावरून सावकाश खाली उतरले.

"हे काय करताय बाबा?"

"बघत होतो. नीट बसलेत का."

"रोज बघता?"

"रोज."

"पायाने?"

बाबांनी दोन्ही तळवे पुढे केले. बोटांच्या टोकांना भाजल्याचे फोड होते, काही जुने, काही ताजे. "हाताला कळत नाही गं. आधी शेवटच्या फेऱ्याला तळहातच सांगायचा, बस. आता काही सांगत नाही. सगळंच ढिलं वाटतं. तू ह्या गाडीत बसून दगडधोंड्यांतून जाणार, आणि मला प्रत्येक नट ढिला वाटतो. मग पाय देतो."

"बोल्ट तुटला तेव्हा तरी बोलायचं होतं."

"तेव्हा वाटलं, खरंच त्याच्याच मशिनचं काम असेल." ते थांबले. "मग वाटलं, नसेल. पण सांगितलं असतं तर तू मला पान्याला हात लावू दिला नसतास."

ड्रायव्हरबाईला रागवायचं होतं. त्या वाया गेलेल्या लसींसाठी, ताटकळलेल्या आयांसाठी, आपण ज्याच्या पोटावर पाय आणला त्या माणसासाठी. पण ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. भाजलं तेव्हा ह्यांना दुखलंही नसेल, एवढंच तिच्या मनात आलं.

"फोरमनशी मी बोलते," ती म्हणाली.

"तू नाही. मी."

बाबांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. बटणं लावायला त्यांना फार वेळ लागला. ती मदतीला पुढे झाली नाही.

फोरमनसमोर ते उभेच राहिले. "नट मी आवळत होतो. त्या पोराचा काही दोष नाही," म्हणाले आणि मग स्वतःच वर्कशॉपच्या मागे गेले, ड्रायव्हरबाई त्यांच्या पाठोपाठ. बंदूक गुडघाभर चिखलात उभा राहून एका गाडीचा तळ धूत होता. त्याने पाण्याचा पाइप बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"चुकलं माझं," ड्रायव्हरबाई म्हणाली.

"चुकलं म्हणायला तुमचं काय जातं?" तो म्हणाला. "माझी बायकोसुद्धा विचारायला लागली होती, खरं सांग, केलंस का म्हणून."

 बाबा चिखलात उतरले. त्यांनी त्याचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

बाबांची पकड घट्ट होत गेली. बंदूकच्या बोटांची पेरं पांढरी पडली, वेदनेने त्याचे ओठ आवळले गेले. त्याने एकदा म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या फोडांनी भरलेल्या बोटांकडे.

त्याने हात सोडवून घेतला नाही. बाबा आपणहून सोडेपर्यंत तो तसाच उभा राहिला.